पशुसखीनं माल विकावा का?

कुणी कामं आवरून बसला असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज आम्ही आमच्या बचत गटातलं एक भांडण सांगणार आहोत. भांडण मिटलंय, पण त्यातून जे कळलं ते तुमच्याही कामाला येईल.

आमच्या गटात दोघी पशुसखी आहेत. शेळ्यांची वजनं करायची, खुरं कापायची, जंताचं औषध वेळेवर पाजलं का बघायचं, लसीकरणाला डॉक्टर आले की शेळ्या धरायच्या आणि वहीत नोंद करायची. एका शेळीमागं १० रुपये. आमच्याकडं उस्मानाबादी शेळ्या जास्त. बऱ्याचदा एका वेताला दोन करडं, म्हणून गाभण आणि दुभत्या शेळीच्या खाण्याकडं लक्ष द्यावं लागतं. पशुसखी सांगायची, "काकू, खनिज मिश्रण आणा." काकू म्हणायच्या, "तालुक्याला जायला-यायला ८० रुपये लागतात. तूच का ठेवत नाहीस?"

बरोबरच होतं त्यांचं. आम्ही गटातून १२,००० रुपये काढले. विकणारा म्हणाला, खोकी जास्त घ्या, सूट जास्त देतो. मग काय, टॉनिकच्या बाटल्या, पावडरी, खुराकाची पोती, सगळं आलं. गटाच्या खोलीत फळी ठोकली. फळीला हारसुद्धा घातला, हसू नका!

पावसाळ्यात खोली गळली. दोन पोत्यांना बुरशी लागली. बुरशीचा खुराक जनावराला घालायचा नसतो, ती उकिरड्यावर गेली. उधारीचं तर विचारू नका. शेजारीण दारात उभी राहिली की नाही म्हणवत नाही.

पण पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. वरच्या आळीतल्या एका आजींच्या गाभण शेळीनं चारा सोडला. आमची पशुसखी गेली, वरवर बघितलं आणि टॉनिकची बाटली दिली. चौथ्या दिवशी शेळी उठेना. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी उलटून दाखवली, पांढरीफटक. जंतांनी रक्त शोषलं होतं. शेळी वाचली, पोटातली करडं गेली. आजी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, आधी तू शेळीच्या डोळ्यात बघायचीस. आता फळीकडं बघतीस."

पशुसखी रडत बैठकीला आली. खरं सांगायचं तर चूक तिच्या एकटीची नव्हती. बाटल्या खपत नाहीत म्हणून दर आठवड्याला आम्हीच तिच्या मागं लागत होतो.

त्या बैठकीत अर्ध्या जणी म्हणाल्या, दुकान बंद करा. अर्ध्या म्हणाल्या, मग बायांचे ८० रुपये वाचणार कसे? दोन्ही खरं. शेवटी वही काढली. मागच्या तीन महिन्यांत पशुसखीनं तपासणी करून कुणाला काय आणायला सांगितलं, ते मोजलं. टॉनिक दोनदा. खनिज मिश्रण जवळजवळ प्रत्येक घरी. करडांना दूध पाजायची बाटली आणि बूच सहा वेळा. खुराकाचं पोतं एकदाही नाही, कारण आमच्याकडं शेवरीचा पाला, सुबाभूळ आणि घरचा भरडा यावर भागतं. आधी वही बघितली असती, तर १२,००० काढलेच नसते.

औषधांचा प्रश्न तिथंच संपला. औषध विकायला परवाना लागतो, आमच्याकडं तो नाही. लस तर २ ते ८ अंश थंडीत ठेवावी लागते, आमची वीज तुम्हाला माहीत आहेच. म्हणून जंताचं औषध फळीवर नाही. ते दवाखान्यातून आणायचं, तेही डॉक्टर शेळीच्या वजनाप्रमाणं सांगतील तेवढंच पाजायचं.

मग खनिज मिश्रण किती ठेवायचं? मोठ्या शेळीला रोज साधारण १० ग्रॅम. म्हणजे १ किलोचं पाकीट पाच शेळ्यांना २० दिवस. आमच्या यादीतल्या ६० शेळ्यांना रोज घातलं तर महिन्याला १८ किलो लागेल. पण सगळ्या घालत नाहीत. आम्ही १० किलोच आणतो, संपलं की पुन्हा. सूट कमी मिळते, मिळू दे. पाकीट ९० ला येतं, ११० ला जातं. एक पाकीट भिजलं तर चार-पाच पाकिटांचा नफा गेला, म्हणून आता ते पत्र्याच्या डब्यात असतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो नफ्यावर. विकणारीला त्यातला वाटा द्यायचा का? आम्ही नाही ठरवलं. तिला पैसे तपासणीचे मिळतात, विक्रीचा नफा गटात जातो. भाव भिंतीवर लिहिलाय. उधारी फक्त पुढच्या बचतीच्या बैठकीपर्यंत. आणि पापणी बघितल्याची नोंद वहीत नसेल, तर त्या घरी काहीही विकायचं नाही. एका ताईंना हे अजून पटलेलं नाही. त्या म्हणतात, वाटा नसेल तर माल कोण मनावर घेईल? विक्री थोडी घटली हे खरंय.

आजी अजून आमच्याकडून काही विकत घेत नाहीत. पण गेल्या आठवड्यात त्यांचं एक करडू लंगडायला लागलं, तेव्हा त्यांनी नातवाला पशुसखीकडं पाठवलं. खुरात काटा होता. तिनं काढला, पापणी बघितली, १० रुपये घेतले आणि घरी आली.