समुद्र पाहणे आणि समुद्र जाणणे



आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला आहे तो किनाऱ्यावरून, आणि बहुधा सूर्यास्ताच्या वेळी. तो तेव्हा सुंदर दिसतो, यात वाद नाही. पण ज्याची होडी अजून परतलेली नाही, त्या कोळ्याच्या घरची माणसेही त्याच घटकेला त्याच पाण्याकडे पाहत असतात. त्यांना रंग दिसत नाहीत, वारा दिसतो. या दोन दृष्टींतले अंतर एका चित्रकाराने कसे ओलांडले, ते मला आज सांगावयाचे आहे. त्याचे नाव विन्स्लो होमर.

होमर १८३६ साली अमेरिकेत बोस्टन येथे जन्मला. शिळाछापाच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली, पुढे साप्ताहिकांसाठी चित्रे काढली आणि तिथल्या यादवी युद्धाचे प्रसंगही रेखाटले. समुद्र त्याने आरंभी चितारला तो आपण पाहतो तसाच. स्वच्छ ऊन, भरलेले शीड, होडीत आनंदात बसलेली मुले.

१८८१ साली तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलरकोट्स या मच्छीमारांच्या गावी जाऊन राहिला. आठवडा-पंधरवडा नव्हे, दीड वर्षाहून अधिक काळ. जाळी दुरुस्त करणाऱ्या, पाठीवर मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या, वादळात धक्क्यावर उभ्या राहून वाट पाहणाऱ्या बायका त्याने रोज पाहिल्या. त्याच वर्षी जवळच एक जहाज फुटले. त्या प्रसंगाचे त्याने चित्र केले. तेथून तो परतला तेव्हा त्याच्या चित्रांतली मौज ओसरली होती. १८८३ साली तो मेन प्रांतातील प्राउट्स नेक या खडकाळ भूशिरावर राहावयास गेला. १९१० साली त्याचा शेवटही तेथेच झाला.

होमरला स्वतःलाही गळ टाकून मासे धरण्याचा मोठा नाद होता. डोंगरातल्या तळ्यांवर, कॅनडातल्या नद्यांवर, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो गळ आणि रंगपेटी दोन्ही घेऊन जाई. हा नाद त्याच्या कलेला उपकारक झाला, असे मला वाटते. गळ टाकून बसलेला माणूस पाण्याकडे रिकाम्या नजरेने पाहत नाही. पाणी किंचित हलले तरी त्याला त्यात अर्थ दिसतो. पुढच्या क्षणी काय होईल, इकडे त्याचे सारे लक्ष असते.

आता त्याचे १८८५ सालचे 'धुक्याचा इशारा' हे चित्र घेऊ. ते बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्या काळी मोठे शिडाचे जहाज खोल समुद्रात उभे राही आणि त्यावरून सपाट बुडाच्या छोट्या होड्या पाण्यात सोडीत. अशा एका होडीत एकटा मच्छीमार आहे. मागल्या अंगाला हॅलिबट जातीचे भले मोठे मासे पडले आहेत. वल्हे मारणाऱ्याची पाठ जावयाच्या दिशेला असते, म्हणून त्याने मान वळवली आहे. दूर क्षितिजावर त्याचे जहाज आहे आणि त्याच्या मागे धुके चढत आहे. धुके आधी पोचले तर जहाज दिसेनासे होईल.

लाटा भयंकर नाहीत, कोणी बुडत नाही. तरी छाती धडधडते. कारण, श्रोतेहो, त्या माशांना वजन आहे! दिवसाची कमाई तीच, आणि होडी जड करणारी तीच. मासे ठेवावे तर वेग कमी, टाकावे तर घरी काय न्यावे? ज्याने समुद्र केवळ देखावा म्हणून पाहिला, त्याला हा पेच सुचणार नाही. तो मासे शोभेसाठी काढील.

पुढे काय झाले, हे होमर सांगत नाही. १८९९ सालच्या 'गल्फ स्ट्रीम' या चित्रात डोलकाठी मोडलेल्या होडीवर एक कृष्णवर्णी माणूस आहे, भोवती शार्क आहेत, दूरवर एक जहाज आहे. तो वाचला का, असे लोकांनी विचारले, तेव्हा होमर चिडला. त्याचे चिडणे मला समजते. होडीतल्या माणसालाही शेवट ठाऊक नसतो. मग पाहणाऱ्याला तो का कळावा?

आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात. त्या नारळात भक्ती आहे तशी हीच अनिश्चितताही आहे. पुढच्या खेपेस आपण किनाऱ्यावर उभे राहाल तेव्हा सूर्य अवश्य पाहा; पण क्षितिजावरचे एखादे शीड दिसले, तर ते कोणाच्या घराकडे निघाले आहे, याचाही क्षणभर विचार करा.