एंटर दाबण्याआधी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"कॉम्प्युटरवर तू नेमकं करतेस काय?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. त्याचं उत्तर द्यायचं तर माझी एक चूक सांगावी लागेल.

इंजिनिअरिंगला गेले तेव्हा लॅबमध्ये लिनक्सचा काळा पडदा होता आणि त्यावर लुकलुकणारा कर्सर. आपण मराठी माध्यमातले, म्हणून पोटात गोळाच आला. पण या कमांड निघाल्या दोन-तीन अक्षरांच्या. एलएस म्हणजे फाइलींची यादी, सीडी म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्ये जा, पीडब्ल्यूडी म्हणजे मी आत्ता कुठे आहे? काही अडलं तर मॅन आणि पुढे कमांडचं नाव लिहायचं, सगळी माहिती समोर. मला फाडफाड इंग्रजी येत नाही याचं त्या पडद्याला काही नव्हतं.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्स लिहायला घेतलं. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे.

आपण लिहितो ते आधी शेल वाचतं. शेल म्हणजे आपला दुभाषी. 'स्टार डॉट ओ' लिहिलं की ज्या फाइलींच्या नावाअखेर डॉट ओ आहे, त्या सगळ्यांची नावं शेल तिथे भरतं आणि मगच कमांड चालवतं.

शेवटच्या वर्षी, प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या रात्री मला या डॉट ओ फाइली पुसायच्या होत्या. आरएम लिहिलं, स्टार लिहिला आणि पुढे चुकून एक स्पेस पडली. शेलला सुटा स्टार दिसला. त्याचा अर्थ, सगळ्या फाइली! पडद्यावर एकच तक्रार आली, की डॉट ओ नावाची फाइल सापडत नाही. बाकी सगळं पुसून झालं होतं. तिथे रिसायकल बिन नव्हती.

काम तिघींचं होतं. होस्टेलवर जाऊन सांगताना माझे पाय कापत होते. एक रडायला लागली. दुसरी म्हणाली, "जुने प्रिंटआउट आहेत ना? चल, टाइप करू." पहाटेपर्यंत टाइप केलं. प्रोजेक्ट निम्माच चालला.

त्या रात्री मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. "सोडवण्याआधी उदाहरण पुन्हा वाचा," असं त्या रोज सांगायच्या आणि न वाचणाऱ्याचा अर्धा मार्क कापायच्या. तेव्हापासून मी आरएमच्या जागी आधी इको लिहिते. इको काही पुसत नाही. शेलला काय समजलं, तेवढं दाखवतं. ती नावं वाचायची, मगच पुसायचं. नोकरीला लागलेल्या नव्या मुलांनाही मी हेच पहिल्यांदा शिकवते.

आजच्या मेळाव्याच्या तीन याद्या आल्या होत्या. त्या एकत्र करून सॉर्टला दिल्या आणि पाइप लावून यूनिककडे पाठवल्या. यूनिकला शेजारशेजारच्याच सारख्या ओळी ओळखता येतात, म्हणून पीटीच्या तासासारखी आधी रांग लावावी लागते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी मात्र दोनदा राहिल्या. तिथे फोनच करावे लागले!

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. तो अर्धा मार्क मी परत मागत नाही.