आकाशातला पोटापाण्याचा धंदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विमानाचा शोध लागण्याच्या शंभर वर्षे आधी फुग्यात बसून आकाशात जाणारी एक बाई फ्रान्समध्ये होऊन गेली. तिचे नाव सोफी ब्लांशार. तिचा जन्म १७७८ सालचा. बांधा लहान, स्वभाव भित्रा. घोडागाडीत बसावयासही ती घाबरे, असे सांगतात. १८०४ साली मार्सेय येथे ती नवऱ्याबरोबर प्रथम वर गेली आणि भीती जमिनीवरच राहिली!

नवरा जाँ-पिएर हा १७८५ साली इंग्लिश खाडी फुग्यातून ओलांडणारा गाजलेला वीर. १८०९ साली तो वारला. मागे राहिले कर्ज. सोफीने तोच धंदा पुढे चालविला. लोखंडाच्या किसावर गंधकाम्ल ओतले की हायड्रोजन निघतो. तो हवेहून फार हलका. म्हणून चणीने लहान असलेल्या या बाईला लहानसा फुगा पुरे, आणि शेगडी पेटती ठेवण्याचीही यातायात नाही. खर्च कमी, हा मोठा फायदा. नेपोलियनने तिला सरकारी समारंभांत उड्डाणे करण्याचा मान दिला. १८१४ साली अठरावा लुई आला, त्यानेही तो दिला. राजे बदलले, बाईचे काम टिकले.

परंतु हायड्रोजन चटकन पेट घेतो. तरीही प्रेक्षकांना रिझविण्यासाठी ती फुग्याखाली शोभेची दारू उडवी. ६ जुलै १८१९ च्या रात्री पॅरिसच्या तिव्होली बागेत वायू पेटला. खाली लोक टाळ्या वाजवीत होते. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला! फुगा एका घराच्या छपरावर आदळला, ती रस्त्यावर पडली आणि गतप्राण झाली. वय अवघे ४१.

'बाईने असले धाडस करावेच कशाला?' असे कोणी विचारील. मला तो प्रश्न गैर वाटतो. तिच्यापुढे कर्ज होते आणि हातात विद्या होती. खरा प्रश्न पाहणारांना विचारावयाचा आहे. त्यांना दर वेळी अधिक झगमगाट हवा होता.

कर्ता पुरुष गेल्यावर धंदा सावरणारी बाई आपणा प्रत्येकीच्या माहितीची असते. आपण तिचे तोंडभर कौतुक करतो. त्याबरोबरच तिच्या कामाला रास्त दाम द्यावा, आणि तिच्या जिवावर बेतेल असा हट्ट धरू नये. नुसत्या टाळ्या वाजवून आपण मोकळ्या होऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.