ओढ्याकाठची धाव

दिवसाचे दहा तास खुर्चीत घालवणाऱ्या आपल्या चाळिशीतल्या लोकांसाठी आज एक वाट सुचवतो. हृदयविकार आपल्या दक्षिण आशियाई मंडळींना इतरांपेक्षा लवकर गाठतो, हे तुम्ही ऐकलं असेलच. जिमची नुसती फी भरून तो थांबत नाही.

कूपर्टिनोजवळ रँचो सॅन अँटोनिओ आहे. १९७२ साली इथल्या मतदारांनी कौल देऊन ओपन स्पेस डिस्ट्रिक्ट स्थापन केला, म्हणून असे डोंगर मोकळे राहिले. वाहनतळापासून पर्मनेंटे ओढ्याच्या बाजूने साधारण मैलभर सोपी वाट डिअर हॉलो फार्मपर्यंत जाते. तिथल्या शेळ्या, कोंबड्या पाहून मुलं खूश! पुढे चढ लागतो; डोंगराला वळसा घालून परत येता येतं. नवखे असाल तर फार्मवरूनच मागे फिरा. धावताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. दम लागून बोलणं तुटलं, तर वेग कमी करा.

तीन-तीन पानांच्या पॉयझन ओकला हात लावू नका. लागलाच तर लगेच साबणाने धुवा. उन्हात पहुडलेल्या रॅटलस्नेकपासून लांब राहा. माउंटन लायन दिसलाच तर पळायचं नाही: लहान मुलांना उचला, त्याच्याकडे तोंड करून हात उंच करा आणि हळूहळू मागे सरका.

आणि हो, जूनमध्ये सह्याद्री हिरवा होतो, तेव्हा इथलं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. वाहता ओढा पाहायचा, तर पाऊस पडून गेल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत जा.

मग या शनिवारी बूट बांधताय ना?