बाजारपेठ, बंब आणि महानगरपालिका
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



९ मे २०१५ रोजी शनिवारी दुपारी काळबादेवीतील हनुमान गल्लीलगतच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. सायंकाळपर्यंत ज्वाळा वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचल्या आणि इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अग्निशमन अधिकारी त्याच दिवशी कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. भाजलेले उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांची प्राणज्योत पुढील पंधरवड्यात मालवली. एका महानगराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख एका गल्लीतील आगीत कामी यावा, ही घटना साधी नव्हे. काळबादेवीच्या प्रत्येक पेढीवर त्या आठवड्यात तोच विषय होता. पुढच्या आठवड्यात मात्र जिन्याखाली पुन्हा गाठी रचल्या गेल्या, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

या बाजारपेठेचे आगीशी नाते फार जुने आहे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या किल्ल्याच्या आत, म्हणजे आजच्या फोर्ट विभागात, भीषण आग लागली आणि तटाच्या आतील वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. दाट वस्ती, अरुंद रस्ते आणि लाकडी बांधणी ही कारणे तेव्हाच ध्यानात आली. त्यानंतर सरकारने देशी व्यापाऱ्यांना तटाबाहेर वसण्यास उत्तेजन दिले. मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी हे भाग भरभराटीस आले, त्यामागे त्या आगीचाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळजी जेठा मार्केट उभे राहिले. आगीपासून दूर व्हावे म्हणून वसलेली ही वस्ती शंभर-दीडशे वर्षांत तितकीच दाट, तितकीच अरुंद आणि लाकडी तुळयांची झाली, हा इतिहासाचा विरोधाभासच म्हणावा लागेल.

आग विझविणे हे नगराचे काम आहे, ही कल्पना रुजण्यास वेळ लागला. प्रारंभी मुंबईत हे काम पोलिसांकडे जोडकाम म्हणून होते आणि बंब घोडे ओढीत. १ एप्रिल १८८७ पासून अग्निशमन दल नगरपालिकेच्या ताब्यात आले. लगेच पुढच्या वर्षी, १८८८ मध्ये, मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला आणि त्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेची अनिवार्य कर्तव्ये नमूद झाली. पाणी, मलनिःसारण, रस्ते यांच्या जोडीला अग्निशमन दल बाळगणे आणि आगीपासून जीवित व वित्ताचे रक्षण करणे हेही त्यांत आहे. अनिवार्य या शब्दाला येथे अर्थ आहे. ते दान नव्हे आणि मेहेरबानीही नव्हे. जकातीची रांग ज्यांनी पाहिली त्या व्यापाऱ्यांना हे सांगणे नको. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात बंद झाली, तोपर्यंत प्रत्येक गाठीमागे पालिकेच्या तिजोरीत भर पडत होती. बंब त्याच तिजोरीतून विकत घेतले जात होते.

त्या दलाची परीक्षा १४ एप्रिल १९४४ रोजी झाली. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्यांच्या शेजारी कापसाच्या हजारो गाठी. कापडाच्या आणि कापसाच्या धंद्यातील माणसाला हे ऐकूनच धडकी भरेल. गाठ वरून विझलेली दिसते, पण आत धुमसत राहते. ती फोडून, उलगडून, भिजवल्याखेरीज आग गेली असे म्हणता येत नाही. तळघरासारख्या बंद खणात तर पाण्याचा मारा नेमक्या जागी पोहोचतच नाही. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जळत्या गाठी आकाशातून वस्तीवर पडल्या, मांडवीकडील धान्याची गोदामे पेटली आणि शेकडो नागरिक मरण पावले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. बाजारातील किती मंडळींना ही तारीख या कारणासाठी ठाऊक आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मुंबई अग्निशमन दलाच्या बोधवाक्यात शौर्य, आत्मसंयमन आणि त्याग हे तीन शब्द आहेत. त्यांतील शेवटचे दोन या सभागृहात अपरिचित नाहीत. संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेला पक्षी झाडावर फडफडताना दिसला की जीवदयेच्या भावनेने प्रथम याच दलाला दूरध्वनी केला जातो, आणि जवान शिडी घेऊन येतातही.

आता महानगर म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. आगीला पालिकेची हद्द ठाऊक नसते. कारभाराला मात्र हद्दीखेरीज दुसरे काही ठाऊक नसते. मुंबई महानगर प्रदेशात आज नऊ महानगरपालिका आहेत: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि २०१६ मध्ये झालेली पनवेल. प्रत्येकीचे दल वेगळे. औद्योगिक विकास महामंडळाचे बंब वेगळे, सिडकोचे वेगळे, विमानतळाचे वेगळे. १९७५ मध्ये स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण नियोजन करते, पूल आणि मेट्रो बांधते, परंतु साऱ्या प्रदेशासाठी एकच अग्निशमन दल असे काही नाही. मोठी आग लागली की शेजारच्या पालिका बंब धाडतात. हा शेजारधर्म स्तुत्यच आहे, परंतु केवळ शेजारधर्मावर व्यवस्था उभी राहत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कापड व्यापाऱ्यांच्या अगदी जवळचे आहे. मुंबईत जागा परवडेना, म्हणून माल भिवंडीकडे गेला. परंतु ती गोदामे बहुतांशी भिवंडी शहरात नाहीत. ती काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत. कर ग्रामपंचायतीला जातो. बांधकामाच्या नियोजनाचा अधिकार महानगर प्राधिकरणाकडे आहे. आग लागली की धावून येतो तो बंब भिवंडीच्या पालिकेचा, आणि तो अपुरा पडला तर ठाण्याचा वा कल्याणचा. ज्या पालिकेला त्या गोदामाकडून एक रुपयाही मिळत नाही, तिच्या जवानाने तेथे जिवाची जोखीम घ्यायची! स्वस्त भाड्याचा हिशोब मांडताना हे कलम खतावणीत कोणी लिहीत नाही.

जुन्या मुंबईत गुंता निराळा आहे. उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे, दुकानाचा परवाना पालिकेकडे, मालकी घरमालकाकडे आणि ताबा पागडीने भाडेकरूकडे. जिन्यातील लोंबत्या वायरींना या चौघांपैकी कोणीही आपले म्हणत नाही.

२६ जुलै २००५ चा प्रलय सर्वांच्या स्मरणात आहेच. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नाही. दक्षिणेत बसलेल्या कारभाऱ्यांना उत्तरेत काय चालले आहे याची कल्पना येण्यास विलंब झाला, तो यामुळेही. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने मिठी नदी आणि पर्जन्यजल वाहिन्यांचा सखोल अभ्यास केला. शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि समुद्राकाठी उदंचन केंद्रे उभी राहिली. त्याच वर्षीच्या अखेरीस केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. आज पालिकेच्या आपत्कालीन कक्षासाठी १९१६, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी २०१४ पासून १०८ आणि सामाईक ११२ असे क्रमांक आहेत.

व्यापाऱ्याच्या हातातील गोष्ट वेगळीच आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा असून तो डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून नमुना 'ब' मधील प्रमाणपत्र वर्षातून दोन वेळा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचे असते. भोगवटादार या शब्दात पागडीचा भाडेकरूही येतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते. विक्रीकराची आणि आता वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे तारखेच्या आत भरणारा व्यापारी हा कागद मात्र इमारतीच्या फाइलमध्ये आहे की नाही, एवढेही विचारीत नाही. कागद असला तरी लाल नळकांड्यावरची भरण्याची तारीख कितीदा उलटून गेलेली असते! पोटमाळ्यावर छतापर्यंत तागे रचलेले, मीटरच्या पेटीला टेकून पुठ्ठ्याची खोकी, आणि गच्चीचे कुलूप अशा माणसाकडे जो सातला घरी जातो.

या बाबींना महापालिका, प्राधिकरण वा म्हाडा यांपैकी कोणाचीही परवानगी लागत नाही. जिना मोकळा करण्यास एक हमाल आणि एक दुपार पुरते. गच्चीच्या किल्लीची दुसरी प्रत रखवालदाराकडे ठेवता येते. हातगाड्या आणि टेम्पो रात्री गल्लीच्या तोंडाशी उभे राहणार नाहीत, असा नियम बाजाराची संघटना स्वतः करू शकते. बंबाला वळण्यास किती रुंदी लागते हे जवळच्या केंद्रातील अधिकारी जागेवर येऊन दाखवितात. आणि पेढीच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली इमारतीचे व गल्लीचे नाव ठळक लिहावे. रात्री दूरध्वनी करणाऱ्या रखवालदाराला बहुधा शेठचे नाव पाठ असते. गल्लीचे नाव सांगता येत नाही.