वाचनयंत्र घेण्यापूर्वी



आज मंडळाच्या वर्धापनदिनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. व्याख्यान देण्याएवढे माझे शिक्षण नाही. पण गेल्या वर्षी माझी जी फजिती झाली, ती सांगितली तर कुणाचे पैसे वाचतील, म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या सासूबाईंना वाचनाचे भारी वेड. दृष्टी अधू झाली आणि पुस्तकातली अक्षरे दिसेनाशी झाली. हल्ली पाटीएवढे वाचनयंत्र मिळते, त्यात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, असे कानावर आले. भिशीचे पैसे मिळताच मी ते घेऊन आले. माझ्या फोनमध्ये एका विक्रेत्याच्या ॲपवर विकत घेतलेली अकरा मराठी पुस्तके होती. ती यंत्रात घालून देऊ, असा माझा बेत. परंतु एकही पुस्तक यंत्रात जाईना! सासूबाई हसून म्हणाल्या, "सूनबाई, देव्हारा तर आणलास, पण त्यात देव कुठे आहेत?"

मग मुलीने मला नीट उलगडून सांगितले. शिवणयंत्राच्या बॉबिनी सगळ्या सारख्याच दिसतात, पण एका यंत्राची दुसऱ्याला बसेलच असे नाही. पुस्तकांच्या फाइलींचेही तसेच. त्यांचे निरनिराळे साचे असतात, त्यांना फॉरमॅट म्हणतात. पैकी दोन आपण ओळखावेत. पीडीएफ म्हणजे छापील पानाची हुबेहूब प्रतिमा. लहान पडद्यावर तिची अक्षरे मुंगीएवढी दिसतात. मोठी करावीत, तर ओळ पडद्याबाहेर जाते. ईपबचे तसे नाही. पाणी भांड्याचा आकार घेते, तसा त्यातला मजकूर पडद्याप्रमाणे बसतो आणि अक्षर वाढवले तरी ओळी नीट राहतात.

कोबोची यंत्रे ईपब थेट उघडतात. किंडलचा साचा मात्र त्याचा स्वतःचा. ईपब फाइल तारेने त्यात नुसती उतरवली तर उघडत नाही. २०२२ सालापासून कंपनीच्या 'सेंड टू किंडल' या सोयीने ती पाठवता येते व तिथे ती बदलून मिळते. मात्र फाइलीला कुलूप नसले पाहिजे.

हे कुलूप हीच खरी मेख आहे. विकत घेतलेल्या पुष्कळ पुस्तकांना विक्रेता कुलूप घालतो. ती त्याच्याच ॲपमध्ये किंवा यंत्रात उघडतात. माझी अकरा पुस्तके त्यातलीच. दुकान बंद पडले तर? मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. तेव्हा आपण पुस्तक घेतो की नुसती वाचण्याची परवानगी घेतो, हे आधी विचारावे.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की आधी पुस्तके ठरवा, मग यंत्र. आपली पुस्तके कुठून येणार? विक्रेत्याच्या ॲपमधून येणार असतील, तर ते ॲप चालेल असेच यंत्र हवे. अँड्रॉइडवर चालणारी वाचनयंत्रेही मिळतात. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तके पीडीएफमध्ये असतात. त्यांना पडदा मोठा हवा. मराठी विकिस्रोतावरील जुनी पुस्तके ईपबमध्येही उतरवून घेता येतात. शेवटचे म्हणजे, दुकानात आपलीच एक मराठी फाइल उघडून पाहावी. काही यंत्रांवर जोडाक्षरे फुटतात. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतोच ना? मग इथे संकोच कसला?

आमच्या यंत्रात मुलीने विकिस्रोतावरची पुस्तके घालून दिली. सासूबाई आता दुपारी बोराएवढ्या अक्षरांत वाचतात. ती अकरा पुस्तके मात्र अजून फोनमध्येच आहेत. रात्री जेवणे आटोपली की मी त्यांतली दोन पाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. त्या निमित्ताने माझेही वाचन होते, हा फायदाच म्हणायचा. तरी पण माझ्यासारखी चूक तुम्ही करू नका.