सड्यावरचं गवत आणि आपला ऊस

आम्ही राधानगरी तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया आज तुमच्याशी बोलतोय. विषय जंगलाचा आहे, पण सुरुवात उसापासून करतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका वहिनींच्या उसात रात्री गव्यांचा कळप उतरला. सकाळी बघतो तर निम्मा फड आडवा. त्या महिन्याच्या बैठकीत दुसरं बोलणंच झालं नाही, कारण वहिनींच्या कर्जाचा हप्ता त्याच उसावर फिटायचा होता. पंचनामा झाला, भरपाईचा अर्ज गेला. पण आक्का म्हणाल्या, "भरपाई एकदा मिळंल, गवा दरसाल येतोय. त्याला वरच पोटभर का मिळंना, ते बघा की."

म्हणून विचारपूस सुरू केली. दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. पुढं १९८५ मध्ये ते वाढवलं आणि राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं. गवा हा मुख्यतः गवतावर, बांबूच्या कोंबांवर आणि झाडपाल्यावर जगणारा. पावसाळ्यात सड्यावर गवत मुबलक असतं. उन्हाळ्यात ते वाळतं, पाणवठे आटतात, आणि खाली धरणाच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस दिसतो. त्यात जिथं गवत यायचं तिथं रानमोडी आणि घाणेरी माजलेली. ही दोन्ही झुडपं परदेशातून आलेली. रानमोडीला तर आपली जनावरंही तोंड लावत नाहीत.

आता आमची चूक सांगतो. आधी आम्हाला वाटलं, जंगल म्हणजे झाडं. म्हणून मोठ्या हौसेनं गावच्या सड्यावर गुलमोहराची रोपं लावली, फोटो काढले. वनरक्षक बघून हसले, मग म्हणाले, "ताई, सडा हे गव्याचं ताट आहे. त्यात सावली करून काय उपयोग?" कातळावर मातीही वीतभर. बरीचशी रोपं उन्हाळ्यात वाळली, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

मग वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात गटाच्या नावानं लेखी अर्ज दिला. हे आधी करायचंच. अभयारण्यात परवानगीशिवाय काडीही उपटता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. परवानगी मिळाल्यावर वनरक्षकांसोबत रानमोडी काढायला गेलो. ती पावसाळा सरता सरता काढावी. माती ओली असते, मूळ सहज येतं, आणि फूल अजून धरलेलं नसतं. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर उशीर झाला, बी वाऱ्यावर उडतं. नुसती विळ्यानं कापली तर दुप्पट फुटते, हे भांगलणाऱ्या बाईला सांगायला नको. घाणेरीचं मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं टाकायचं, म्हणजे ते परत रुजत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत तिथल्याच गवताचं बी पडू द्यायचं. पुढची दोन-तीन वर्षं पुन्हा फेरी मारावी लागते. इथंच बहुतेक गट कंटाळतात, आम्हीही कंटाळलो होतो.

ओढ्याचं पाणी कमी झालं की रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालता येतो. हे तर आपण गावाच्या पाण्यासाठी करतोच. तोच वरच्या अंगाला, वनखात्यानं दाखवलेल्या जागी घातला तर जनावराला काही आठवडे जास्त पाणी मिळतं.

वणव्याबद्दल मात्र आपल्याच घरात भांडावं लागेल. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून सडा पेटवणारे बाहेरचे नसतात, कुणाचे सासरे, कुणाचे दीर असतात. आगीत कोवळी रोपं, जमिनीवरची घरटी, सगळं जातं, आणि रानमोडी बुंध्यातून पुन्हा फुटते. आमच्या गटात यावर अजून एकमत नाही. पण बांध जाळायचाच असेल तर आधी कडेची पट्टी साफ करायची आणि आग विझेपर्यंत हलायचं नाही, एवढं सगळ्यांनी मान्य केलंय.

आणखी एक काम घरच्या गोठ्यातलं आहे. आपली गुरं रानात चरतात. त्यांचा लाळ्या-खुरकूत गव्याला लागू शकतो. म्हणून लस टोचायला डॉक्टर आले की गुरं लपवू नका.

ज्यांच्या गावाजवळ अभयारण्य नाही, पण गायरान किंवा देवराई आहे, त्यांनी ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समितीची चौकशी करा. २००२ च्या कायद्यानं ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी आणि तिच्यात किमान एक तृतीयांश बायका हव्यात. बऱ्याच ठिकाणी बायकांची नावं नुसती कागदावर असतात. आमच्यातल्या एकीला तर आपण सदस्य आहोत हे नोंदवही बघितल्यावर कळलं! गावात कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणतं गवत, याची लोक जैवविविधता नोंदवही हीच समिती करते. ती लिहिताना आपल्या आजीला, सुईणीला, गुराख्याला बोलवा.

आजरा, भुदरगड, चंदगड, गगनबावडा या भागात संवर्धन राखीव क्षेत्रं झाली आहेत. अशा क्षेत्राच्या समितीवर तिथल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. तो कोण आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारा.

वहिनींनी यंदा पुन्हा ऊसच लावलाय. आम्ही सप्टेंबरअखेरीला सड्यावर जाणार आहोत, अर्ज देऊन झालाय. आणि रानात गवा समोर आला तर ओरडू नका, दगड मारू नका, त्याला वाट द्या आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.